रुंदीच्या तिप्पट

मन्मथअप्पांना थर्मामीटर वाचता येत नव्हता आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं. दारू गाळायच्या डेगीवरच्या तांब्याच्या उंच मानेला ते उजवा तळहात लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "वाफ गुडघ्याला आली." थोड्या वेळानं हात आणखी वर. "आता कमरंला हाय. जाळ वाढवू नका." त्या मानेला त्यांनी माणसाच्या अंगाची नावं दिली होती. खाली घोटा, मग गुडघा, कंबर, खांदा आणि टोकाला कपाळ. वाफ कपाळाला पोचली की पलीकडच्या नळीतून पहिला थेंब पडायचा आणि अप्पा हात काढून धोतराला पुसायचे. भाजून भाजून तो तळहात टाचेसारखा राठ झाला होता.

मी हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन नांदेडच्या त्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून लागलो तो दुसऱ्या जागतिक लढाईचा काळ होता. किनवटच्या जंगलातून मोहाची फुलं यायची. ती आंबवायची, डेगीत उकळायची आणि त्यांची वाफ थंड करून दारू धरायची, असा सगळा कारभार. निझामाच्या राज्यात आम्ही शास्त्रही उर्दूतूनच शिकलेलो, त्यामुळं माझ्या तोंडी गाळण्याला 'तक्तीर', उष्णतेला 'हरारत' असले शब्द, अंगात नवी शेरवानी आणि खिशात पितळी नळीतला थर्मामीटर. अप्पांचा तो हात लावायचा प्रकार पाहून मला हसूच आलं. म्हटलं, या म्हाताऱ्याची परीक्षा घेऊ. आठ दिवस मी त्यांच्या 'कमरे'च्या वेळी गुपचूप थर्मामीटर लावून पाहिला. आठही दिवस आकडा एकच आला, इकडचा अर्धा अंश तिकडं नाही. ते मी वहीत लिहून ठेवलं, पण अप्पांना बोललो नाही. तेव्हापासूनच माझी ही खोड, चांगलं असो की वाईट, ज्याला सांगायचं त्यालाच नेमकं सांगायचं नाही.

अप्पा मूळचे लातूरचे. गोलाईजवळ त्यांच्या धाकट्या भावाचं, बसवअप्पांचं, तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. घराणं लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. कधी काळी डेगीचा एक फुटका सांधा जोडून द्यायला ते नांदेडला आले आणि मग वाफेच्या नादानं इथंच राहिले. दारूचा थेंब त्यांनी उभ्या आयुष्यात जिभेवर ठेवला नाही. काम संपलं की नदीवर जाऊन आंघोळ, मग पूजा, मग भाकरी. लिंगायत असून दारू गाळतो म्हणून लातुरात लोक नावं ठेवायचे. मी एकदा विचारलं, "अप्पा, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ते म्हणाले. "पर म्या दारूसाठी न्हाई आलो, साब. पाणी आन् दारू एका भांड्यात घालतेव, आन् ती आपल्या पायानं येगळी होऊन निघती. हे बगाय मिळतंय, आनखी काय पायजे?"

त्यांना माझी थट्टा करायला आवडायचं. माझी शेरवानी पाहून एकदा म्हणाले, "कुलकर्णीसाब, देवणीचं खोंड लई देखणं आसतं. पर पयल्या वर्सी त्याला म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला जुपतेत. रानातला खड्डा म्हाताऱ्याला ठाऊक आसतो."

"म्हणजे मी खोंड?"

"देखणं म्हणलो की, जी," असं म्हणून ते जाळाकडं वळले. मलाही हसू आलं. ते वर्ष आमचं फार चांगलं गेलं, हे मला आज म्हटलंच पाहिजे.

लढाईमुळं विलायती स्पिरिट यायचं बंद झालं होतं आणि दवाखान्यांना तर ते हवंच. लातूर, उदगीर, बिदर, सगळीकडून मागणी. आमच्या डेगीतून निघायचं ते कमजोर; कडक करायचं तर तेच पुन्हा उकळा, पुन्हा उकळा. तीन-चार उकळीत लाकूडफाटा जळायचा आणि निम्मा माल वाटेतच उडून जायचा. मालकांनी मला बोलावून विचारलं, "एकाच उकळीत होईल असं काही तुमच्या पुस्तकात आहे का?" होतं. डेगीवर तांब्याचा उंच मनोरा उभा करायचा, तो बोटाच्या पेराएवढ्या कड्यांनी भरायचा. खालून वाफ चढते, वरून थोडं स्पिरिट परत सोडलेलं असतं ते कड्यांवरून झिरपत उतरतं, आणि दोघांची वाटेत गाठ पडते. विलायतेत कड्या चिनी मातीच्या करतात. आमच्याकडं ती कुठली? अप्पा म्हणाले, "गंगाराम कुंभार हाय की." गंगारामानं साधी मातीचीच कडी केली, पण आव्यात अशी भाजली की दगडावर टाकली तरी टणकन वाजावी.

मला वाटलं होतं, ही गाठ पडण्याची भानगड अप्पांना समजावून सांगायला मला महिना लागेल. त्यांना मिनिटभरही लागलं नाही. "म्हंजे बाजाराचा रस्ता," ते म्हणाले. "जानारा आन् येनारा. वर जानाऱ्याच्या गाठीला पाणी जास्ती, खाली येनाऱ्याच्या गाठीला दारू जास्ती. भेटले की वर जानारा पाणी देतो, खाली येनारा दारू देतो. जितक्या बार भेटतेल तितका माल चोख. आसंच ना?" असंच होतं. माझ्या पुस्तकात हे सांगायला अकरा पानं लागली होती.

मग मी हिशेब मांडला. वाफ किती, वरून उतरणारा द्रव, ज्याला आम्ही नुसतं पाणीच म्हणायचो, तो किती, कड्यांचा पृष्ठभाग किती, आणि त्या पृष्ठभागावरून ही देवाणघेवाण किती वेगानं होईल. चार दिवस खपून उत्तर काढलं की अडीच हात कड्या म्हणजे एका उकळीचं काम. मनोरा एक हात रुंद, पंधरा हात उंच केला की सहा उकळींचं काम एकदम. कागद इतका देखणा झाला होता की मी तो दिवसातून दोनदा काढून पाहायचो.

अप्पांना तो कागद वाचता येत नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, "साब, यात पाणी समद्या कड्यांवर सारखं पडतंय आसं धरलंय का?"

"हो, धरावंच लागतं. त्याशिवाय हिशेब पुढं जात नाही."

"हिशेब जात न्हाई ते ठीक. पाणी जातंय का बगाव लागंल."

आणि पुढचे पंधरा दिवस त्यांनी जे केलं ते मी कुठल्याही पुस्तकात तोवर पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या दिव्यांच्या चार सरळ काचा आणल्या, मेणानं एकावर एक जोडल्या आणि उभ्या केल्या. गंगारामाकडून मुगाएवढे, भोकाचे मातीचे मणी करून घेतले, चुन्यात बुडवून पांढरे केले आणि काचेत भरले. मग पळसाची फुलं उकळून केशरी पाणी केलं, आणि ते वरून नेमकं मधोमध थेंबथेंब सोडलं. तासाभरानं वरून एकेक थर काढून धुतलेल्या धोतरावर मांडला. ओला झालेला मणी केशरी, कोरडा राहिलेला पांढरा. म्हाताऱ्यानं आमच्या मनोऱ्याचं अख्खं चित्र चार काचांत उतरवलं होतं.

वरचे थर पाहिले तर सगळे मणी केशरी. खाली जावं तसे मधले मणी पांढरे व्हायला लागले आणि अगदी तळाच्या थरांत कडेला केशरी कडं, मधे पांढराशुभ्र ढीग. पाणी भिंतीला लागलं होतं आणि भिंतीवरूनच सरळ खाली गेलं होतं. अप्पांनी रुंद काच घेतली, अरुंद घेतली, मणी बदलले. दर वेळी तेच. दोरीनं मापून त्यांनी मला दाखवलं, "रुंदीच्या तिप्पट उतरलं की पाणी भिंतीला लागलंच म्हणून समजा. मग वाफ मधून जानार, पाणी कडंनं. एकाच रस्त्यानं, पर येगळ्या कडंनं. सौदा कसा व्हावा?"

"मग उपाय काय?"

"सोपा हाय. दर तीन हातांवर भिंतीला एक ताटली बसवायची, मधे भोक पाडलेली. भिंतीचं पाणी ताटलीत जमंल आन् भोकातनं परत मधी येईल. पंधरा हातांत चार ताटल्या. दोन दिसाचं काम हाय माझं."

इथं मी कसा वागलो ते सांगताना मला आजही लाज वाटते. मणी माझ्या डोळ्यांसमोर होते. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण ताटल्या मान्य करायच्या म्हणजे माझा तो देखणा कागद चुकला असं म्हणायचं, आणि तो तर मी आधीच मालकांना दाखवून बसलो होतो. मालकांनी कागदाची उर्दूत सुवाच्य नक्कल करून आबकारीच्या मोहतमीम साहेबांकडं, म्हणजे त्या खात्याच्या अधीक्षकांकडं, पाठवली होती, आणि मला कायम करायची गोष्ट त्याच कागदावर अडली होती. मी अप्पांना म्हणालो, "काचेतलं खेळणं वेगळं, तांब्याचा मनोरा वेगळा." मालकांनी विचारलं, "ते अप्पा ताटल्यांचं काहीतरी म्हणतात. लढाईत तांबं मिळत नाही. गरज आहे का?" मी म्हणालो, "हिशेबात त्यांना जागा नाही." अप्पा तिथंच उभे होते. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "जागा करता येती, साब." माझ्यापुढं ते पालथ्या घड्यावर पाणी होतं.

ताटल्या नाहीत म्हणून अप्पांनी कामात हयगय केली असं मात्र नाही. कड्या भरायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मनोऱ्याचं खालचं तोंड बंद करून तो आधी काठोकाठ पाण्यानं भरला, मग शिडीवर बसून टोपलीतली एकेक मूठ कड्या पाण्यात अलगद सोडल्या. पाण्यातून तरंगत उतरतात, एकमेकींवर आपटून फुटत नाहीत. तीन दिवस ते असे ओंजळी सोडत बसले होते. मालकांना ते पाहून हसू आलं होतं. "हे काय, कड्यांना आंघोळ घालताय?" अप्पा म्हणाले, "लेकरू पाळण्यात टाकत न्हाईत, मालक. ठिवतेत."

चाचणीच्या दिवशी मोहतमीम साहेब स्वतः आले. स्पिरिट ठरल्याइतकं कडक निघालं तरच कडक मालाचा परवाना मिळणार होता. सकाळीच जाळ लावला. ज्वारीच्या पिठानं लिंपलेले सांधे अप्पांनी एकेक तपासले आणि मनोऱ्याला हात लावून उभे राहिले. घोटा, गुडघा, कंबर. कमरेला ते फार वेळ थांबले. मग मनोऱ्याच्या चारी बाजूंनी हात लावत फिरले आणि माझ्याकडं एकदा पाहिलं. मला त्या पाहण्याचा अर्थ कळला होता. मी वहीत डोकं घातलं.

पहिली बाटली भरली. मोहतमीम साहेबांनी तिच्यात कडकपणा मोजायचा काचेचा काटा सोडला. सहा उकळींचं म्हणून सांगितलेलं स्पिरिट जेमतेम दोन उकळींइतकं भरलं. दुसरी बाटली, तिसरी बाटली, तेच. मालकांचा चेहरा उतरला. मग ते एकदम म्हणाले, "मी पाहिलं होतं. यांनी पाण्यात बुडवून बुडवून कड्या भरल्या. निम्म्या फुटल्या असणार खाली."

मोहतमीम साहेब माझ्याकडं वळले. सभ्य माणूस होता. शांतपणे विचारलं, "केमिस्ट साहब, भरनेमें गफलत हुई होगी?"

एकच वाक्य बोलायचं होतं: नाही, हिशेब माझा चुकला. पण जीभ वळली नाही. मी म्हणालो, "हो सकता है."

तीन शब्द. खोटंसुद्धा नव्हे, वकिलानं शोधून काढावं असं काहीतरी मधलं. अप्पांनी मनोऱ्यावरचा हात काढला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "साब म्हनतेत तर आसंल." दुपारी रिपोर्ट लिहिला गेला. त्यात ओळ आली की कारागीर मन्मथअप्पा यांच्याकडून कड्या भरताना गफलत झाली, आणि खाली सही माझी. परवान्यासाठी तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्यायचं ठरलं. अप्पांना कुणी काढलं नाही. त्यांनीच दुसऱ्या दिवशी पडशी भरली. मी मोटारीच्या थांब्यापर्यंत गेलो. लढाईत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. अप्पांची मोटार पेटायला वेळ लागत होता. तेवढा वेळ होता माझ्याकडं. मी अर्धापूरची केळी त्यांच्या पडशीत घातली आणि प्रवास जपून करा म्हणालो.

महिन्याभरानं मनोरा उघडला. मी मुद्दाम दोन मजूर घेऊन स्वतः कड्या काढल्या. पंधरा हात कड्यांत एकही फुटलेली नव्हती. वरचे तीन हात सगळ्या कड्या तपकिरी, स्पिरिटाचा डाग सारखा पडलेला. त्याखाली भिंतीलगत तपकिरी कडं आणि मधे जशा गंगारामाच्या आव्यातून आल्या तशा कोऱ्या, लालसर. धोतरावर मांडलेले मणीच कुणीतरी मोठे करून मनोऱ्यात भरले होते. मी शिडीवर बसून राहिलो. मजूर विचारत होते, साहेब, पुढं काय करायचं?

पुढं मी काय केलं? चार ताटल्या केल्या. दर तीन हातांवर एक. दुसऱ्या चाचणीत स्पिरिट असं कडक निघालं की मोहतमीम साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मालकांनी विचारलं, "हे ताटल्यांचं कसं सुचलं?" मी म्हणालो, "पुन्हा हिशेब केला." मला कायम केलं. आमचं स्पिरिट लातूरच्या दवाखान्यात जायला लागलं. ज्या गावात 'नांदेडला गफलत करून आला' म्हणून अप्पांकडं लोक बोट दाखवत होते, त्याच गावात.

हे बोट दाखवणं मला नंतर कळलं. उदगीरकडच्या एका भट्टीवर अप्पा काम मागायला गेले तेव्हा तिथल्यांनी आमच्याकडं पत्र पाठवून विचारलं, आणि आमच्या कचेरीनं रिपोर्टातली ओळ उतरवून पाठवली. ते उत्तर माझ्या टेबलावरून गेलं. शेवटी मी रजा टाकली आणि अहमदपुरावरून मोटारीनं लातूर गाठलं.

अप्पा भावाच्या दुकानात मागच्या बाजूला बसून एका घागरीचा पोचा काढत होते. मला पाहून हातोडी खाली ठेवली. "आलाव? बसा. पाणी घ्या." बसवअप्पांनी गादीवर जागा केली. मी पाणी प्यालो आणि सगळं सांगून टाकलं. कड्या फुटल्या नव्हत्या, मधल्या कोऱ्या होत्या, ताटल्या बसवल्या, चूक माझी होती. अप्पा ऐकत होते. मग विचारलं, "किती बसवल्या?"

"चार."

"किती अंतरावर?"

"रुंदीच्या तिप्पट."

"मग चालला आसंल चांगला," ते म्हणाले, आणि क्षणभर त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, झालं, मिटलं सगळं. मग त्यांनी विचारलं, "मालकाला सांगितलं?"

मी मान हलवली. नाही.

"मोहतमीम सायबाला?"

"नाही."

अप्पांनी घागर पुन्हा मांडीवर ओढली. आवाज चढला नाही. "मग हितं कशाला आलाव, साब? मला तर त्या दिवशीच ठाऊक हुतं. मनोऱ्याच्या चारी अंगाला हात लावला म्या. सांगायचं तिथं सांगा. ज्याला ठाऊक हाय त्याला सांगून काय मिळतंय?"

बसवअप्पांच्या घरी जेवायला घातलं. आंबाडीची भाजी होती, ज्वारीची भाकरी होती. अप्पांनी दोनदा आग्रह करून वाढलं आणि पुन्हा त्या विषयावर अक्षर काढलं नाही.

मी नांदेडला आलो तो ठरवूनच आलो. दुसऱ्याच दिवशी नवा कागद लिहिला: पहिल्या चाचणीतला दोष हिशेबाचा होता, भरण्यात कसलीही गफलत नव्हती, ताटल्यांची कल्पना मन्मथअप्पांची. सही केली आणि मालकांपुढं ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी केली आणि खणात ठेवला. "लढाई संपू द्या," म्हणाले. "आत्ता परवाना तुमच्या नावावर उभा आहे. वेळ पाहून पाठवू." मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कागद लिहिला, आपलं काम झालं, असं मी मनाला समजावलं. खण माझ्या टेबलापासून चार पावलांवर होता. मी तो पुन्हा कधी उघडला नाही. लढाई संपली. त्यानंतर राज्यातच धामधूम सुरू झाली, मालक आज हैदराबादेत तर उद्या सोलापुरात, आणि ती वेळ काही आली नाही. पुढं डिस्टिलरी बंद पडली तेव्हा दफ्तर पोत्यांत भरून कुठं गेलं कुणास ठाऊक.

पण अप्पा गेले ते त्याआधी, लढाई संपल्यावरच्या उन्हाळ्यात. मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, लातूरचे भांडेवाले अप्पा गेले, आठ दिवस झाले. मी निघालो. बसवअप्पा दुकानातच होते. मला पाहून उठले, हात धरला आणि दुखण्याचं सगळं सांगितलं. ताप होता, फार दिवस नव्हता, त्रास झाला नाही.

मग ते म्हणाले, "साब, एक इचारू? त्या कागदाचं काय झालं?"

"कुठल्या कागदाचं?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"तुमी येऊन गेल्यावर अप्पा म्हनायचे, कुलकर्णीसाब आता तिथं सांगणार, कागद बदलंल. म्या म्हनायचो, कशाला वाट बगतोस? तर म्हनायचे, खोंड हाय, पर जातीचं हाय. नांदेडची मोटार आली की दुकानातनं उठून थांब्यावर जायचे. रोज. ड्रायव्हरला इचारायचे, नांदेडहून काई आलं का? ताप भरला तरी मला इचारायचे, मोटार आली का. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं, तरी नुस्तं दाराकडं बगायचे. म्हनून इचारलं. बदलला का कागद?"

दुकानात तांब्याच्या घागरी एकावर एक रचलेल्या होत्या. बसवअप्पा माझ्याकडं पाहत होते. 'बदलला नाही' असं मी म्हणालो असतो तर ते मला काही बोलले नसते, हेही मला माहीत होतं.

"बदलला," मी म्हणालो.

त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरची सगळी ओढ उतरली. "मग बरं झालं," म्हणाले. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, शेजाऱ्याला दुकान बघायला सांगितलं आणि पायात वहाणा सरकवल्या. "चला साब. सांगून येऊ."

लिंगायतांत बसवून पुरतात. गावाबाहेर त्यांच्या रानाच्या कडेला माती अजून ताजी, उंच होती. वर बेलाची पानं वाळून गेली होती. उन्हानं रान भाजत होतं. बसवअप्पा खाली बसले, त्या मातीवर तळहात टेकवला, नेमका अप्पा मनोऱ्याला लावायचे तसा, आणि हळूच, झोपलेल्या माणसाला उठवावं तशा आवाजात म्हणाले, "अप्पा, साब आलेत. कागद बदलला बरं का. तुझ्यावरचं गेलं समदं. आता मोटारीची वाट बगू नको."

मग त्यांनी सरकून मला जागा दिली. "तुमी पन बोला. तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं त्याला."

मी बसलो. मातीवर हात ठेवला. माती तापलेली होती. सांगायचं तिथं सांगा, असं त्यांनी मला सांगितलं होतं, आणि तो कागद अजून खणातच होता. खरं बोलावं तर बसवअप्पा डोळे पुसत शेजारी उभे होते, आणि 'बदलला' हे अप्पांना सांगायला जीभ वळेना. मी मातीवरचा हात काढला आणि काही न बोलता उठलो.